नदीतला मांडव

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मी गेली सव्वीस वर्षं मंडप घालतो. लोक मला डेकोरेटर म्हणतात, पण डेकोरेशन हा या धंद्यातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. झालरी कुणीही लावील. माझं खरं काम सपाट जागा शोधण्याचं. पोलादपूरच्या वरची गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तिथे घराचं अंगण संपलं की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की शेत, आणि शेत संपलं की दरी. अशा ठिकाणी चारशे माणसं एका पातळीवर बसवून जेवू घालायची असतात.

मंडपाचा हिशेब गाळ्यांवर चालतो. पंधरा फूट बाय पंधरा फूट म्हणजे एक गाळा. एका गाळ्यात दाटीवाटीने चाळीस खुर्च्या बसतात, मधून वाट ठेवायची तर तीस. यजमान चाळीस धरतात, मी तीस धरतो, आणि लग्नाच्या दिवशी माणसं पन्नास येतात. माझा पहिला मंडप आमच्याच बौद्धवाडीत वैशाख पौर्णिमेला घातला होता. चार गाळे, पांढरं कापड. दुपारी वारा सुटला आणि कापड विहाराच्या कौलांवर जाऊन बसलं. दोर कसा बांधायचा हे मी त्या दिवशी शिकलो. बाकी सगळं हळूहळू आलं.

आता सपाट जागेचा प्रश्न. घराजवळचं, रुंद आणि बऱ्यापैकी सपाट असं भाताचं खाचर प्रत्येक गावात दोन-चार तरी असतं. पण भाताची रोपं करायला शेतकरी नेमकं तेच निवडतो, कारण राखणीला सोपं. त्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरायच्या, वरून माती टाकायची आणि ते भाजायचं. याला राब भाजणं म्हणतात. भाजून जी राख राहते तिचा थर जूनमध्ये पेरणी होईपर्यंत जपायचा. त्यावर शेजाऱ्याची बकरी गेली तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं. तिथे वऱ्हाड कोण जाऊ देणार? आणि लग्नं असतात ती बरोबर राब भाजून झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये. मग गावापाशी एकच सपाट जागा उरते, ती म्हणजे नदी.

मे महिन्यात आमच्या डोंगराकडच्या नद्या कोरड्या असतात. पांढरे गोटे, काठाला करंजाची सावली, डोहात स्वयंपाकापुरतं पाणी, आणि दुपारीही जरा वारा. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, मुंबईकर गाड्या लावतात. मंडपाला याहून चांगली जागा नाही, असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. गोट्यांत खुंटी ठोकता येत नाही, म्हणून पाइप वाळू भरलेल्या पिंपांत उभे करायचे आणि दोर मोठ्या धोंड्यांना बांधायचे. नदीत घातलेले माझे मंडप पन्नासाच्या वर जातील.

आम्हा महाडकरांना पुराचं कौतुक नाही. पण तो पावसाळ्यातला पूर. तो येणार हे माहीत असतं आणि सामान माळ्यावर चढलेलं असतं. वळवाच्या पाण्याचा स्वभाव वेगळा. दुपार कलली की घाटमाथ्यामागून ढग वर येतात, एखाद्या डोंगरावर तास-दीड तास कोसळतात आणि शेजारच्या डोंगराला शिवतसुद्धा नाहीत. उन्हाने भाजून कडक झालेली जमीन ते पाणी पीत नाही. पालापाचोळा राबासाठी गोळा करून नेलेला असतो, त्यामुळे उतारावर पाणी अडवायलाही काही उरलेलं नसतं. सगळं पाणी एका ओढ्याला मिळतं आणि खाली, जिथे लख्ख ऊन पडलेलं आहे, तिथे येऊन पोचतं.

गडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीत एका जेवणाच्या स्टॉलवाल्याने उन्हासाठी माझ्याकडून कापड भाड्याने घेतलं. मी म्हटलं, ताडपत्री घ्या. तो म्हणाला, "मे महिन्यात ताडपत्री? गिऱ्हाइकं हसतील मला." तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. गारांनी कापडाची चाळण केली होती. "तुम्ही बोललात म्हणून झालं," तो म्हणाला. त्या वेळी मी तिथून एक डोंगर सोडून पलीकडच्या गावात घाम पुसत उभा होतो. तिथे पानही हललं नव्हतं.

मोबाइलवर विजा-वादळाचा इशारा येतो. तो मी वाचतो आणि मानतोही. पण इशारा जिल्ह्याला असतो आणि मला विचारायचं असतं एका ओढ्याबद्दल. म्हणून मी एक पद्धत पाडली आहे. ज्या नदीत किंवा नदीकाठी मंडप घालायचा, तिच्या वरच्या अंगाला कोण राहतं ते शोधायचं, आणि लग्नाच्या दिवशी त्या माणसाला दोन-तीनदा फोन करायचा. कुडपणच्या पठारावर अशा माझ्या मंदावहिनी आहेत. त्यांची शेती आहे, शिवाय येणाऱ्या पर्यटकांना त्या जेवण करून देतात. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा मंडप माझा होता. त्यांच्या घरात रेंज नाही. घरामागच्या कातळावर चढलं की येते. त्यामुळे त्यांचा फोन आला की समजायचं, बाई कामाशिवाय कातळावर चढलेली नाही.

आता ज्या लग्नाबद्दल लिहायचं ते. गाव उमरठच्या बाजूचं, कुडपणचं पाणी खाली उतरतं त्या नदीवरचं. नाव लिहीत नाही, कारण त्या गावाला या लग्नावरून अजून चिडवतात.

मुलीचे वडील आप्पा. मुंबईत गोदामावर नोकरी करून गावी परत आलेले, आवाज मोठा, मन मोठं आणि माघार घेण्याची सवय नाही. मुलगी प्रणिता मुंबईला हॉस्पिटलात नर्स. नवरामुलगा महाडजवळचा. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे सूर्य मावळताना. नदीत बारा गाळ्यांचा मंडप, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला डोहाजवळ आचाऱ्याच्या चुली. महाडकडून येणारा रस्ता नदीच्या पलीकडे संपतो आणि गावात यायला फरशी ओलांडावी लागते. फरशी म्हणजे पात्रालगतचा बुटका पूल. त्याच्यावरून पाणी जातं तेव्हा तो दिसत नाही.

दुपारी जेवणं झाली. बायका मुलीला नटवायला वर घरी गेल्या होत्या. मंडपात शे-दीडशे माणसं, अर्धी पेंगत होती, काही पत्ते खेळत होती. आभाळ निळं. मंदावहिनींचा फोन आला.

"भावजी, कुठं हाव?"

"खाली नदीत. मंडपात."

"इकडं नुसता काळोख केलाय. गारा पडतायत. मी डोक्यावर घमेलं घेऊन बोलतेय. वड्याचं पाणी बांधावरनं चाललंय."

"इकडं कडक ऊन आहे, वहिनी."

"मग बसा ऊन बघत," त्या म्हणाल्या आणि फोन तुटला. त्यांनी ठेवला की वाऱ्याने तुटला, कोण जाणे.

मी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की वर पाऊस लागला आहे, पाणी खाली येईल, मंडप हलवावा लागेल. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं हाय पाऊस?"

"कुडपणला."

"कुडपणला पडू दे की. तिथं का माझ्या पोरीचं लगीन हाय?"

आजूबाजूची माणसं हसली. मी पुन्हा सांगितलं. आप्पांचा आवाज चढला. "दोन तासांत वऱ्हाड येईल. भरला मांडव मोडायचा? अपशकुन कुणाच्या माथी?"

ही खरी अडचण होती. मुद्दा पाण्याचा राहिला नव्हता, शकुनाचा झाला होता. मी घाबरलो होतो, हेही लिहितो. मंडप हलवला आणि पाणी आलंच नाही तर लग्न विस्कटलं म्हणून साऱ्या खोऱ्यात माझं नाव निघणार. न हलवला आणि पाणी आलं तर दीडशे माणसं पात्रात, आणि पोरं तर फरशीजवळ खेळत होती. दोन्ही बाजूंचा हिशेब करून पाहिला. एका बाजूला माझा धंदा होता. दुसरीकडे काय होतं ते लिहायला नको.

"आप्पा, तुमची मुहूर्तमेढ घरच्या अंगणात आहे," मी म्हणालो. "तिला कुणी हात लावत नाही. इथे आहेत ते माझे पाइप. ते हलवले तर तुमचा मांडव मोडत नाही."

"आणि माणसं कुठं बसवू? तुझ्या टेम्पोत?"

माझा जुना मुकादम मारुती शेजारीच उभा होता. त्याला मी खूण केली. तो शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालू लागला. पेंगणारी माणसं उठली, तशी त्यांच्याही खुर्च्या गेल्या. पत्ते खेळणारे म्हणाले, "अरे, डाव तरी पुरा होऊ दे." मारुती म्हणाला, "वर जाऊन पुरा करा. पत्ते वाहून गेले तर राणी सापडायची नाय."

आप्पा लाल झाले. तेवढ्यात प्रणिता काठावर आली. अर्धी नटलेली, मुंडावळ्या हातात. तिच्या मैत्रिणींनी वरून गडबड पाहिली होती. काय झालं ते तिने मला विचारलं, आप्पांना नाही. मी चार वाक्यांत सांगितलं.

"आप्पा, खुर्च्या उचला," ती म्हणाली.

"अगो, पण आभाळ बघ की."

"आभाळ नको मला. तो माणूस स्वतःच्या खुर्च्या काढून न्यायला उगाच वेडा झालाय का? पाणी नाय आलं तर मी त्यालाच स्टेजवर उभा करून माफी मागायला लावीन. आलं तर तुम्ही मागा."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. माझ्या अनुभवात या गावांत होकार असाच येतो.

पण जायचं कुठे? नदीच्या वर घरांच्या रांगेलगत एकच रुंद खाचर होतं. त्यात महिन्यापूर्वी राब भाजलेला, काळी राख रांगोळीसारखी एकसारखी पसरलेली. ते खाचर आप्पांचा चुलतभाऊ बाळाराम याचं. बांधावरच्या एका फणसावरून दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. लग्नाचं आवतण गेलं होतं, पण बाळाराम आपल्या अंगणात बसून वरूनच लग्न बघत होता. मी चढून त्याच्याकडे गेलो आणि जागा मागितली.

"ही जागा हाय?" तो म्हणाला. "राब हाय तो. पोरं आत गेली तर मी पोरांना मारतो."

"खाली पाणी येतंय."

"ऐकलं. साऱ्या गावाला ऐकू येईल एवढ्यानं तुम्ही भांडत होतात." मग म्हणाला, "लगीन तुमच्या पोरीचं हाय काय? तुम्ही कशाला मागता?"

मी खाली जाऊन आप्पांना तसंच सांगितलं. आप्पा चढून आले. मधे तो फणस लागतो. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले.

"बाळा, पोरीचं लगीन हाय."

"माहीत हाय."

"जागा नाय दुसरी."

"ते पण माहीत हाय. हाय ती माझीच हाय." बाळारामने राखेकडे पाहिलं. तीन महिने त्याने आणि त्याच्या बायकोने त्यासाठी पालापाचोळा वाहिला होता. मग तो वळला. "खांब मधी उभे करू नका. कडेकडेनं घ्या," तो मला म्हणाला आणि आमच्या आधी नदीत उतरून दोन डोक्यावर आणि दोन हातांत अशा चार खुर्च्या घेऊन आला. त्याच्यामागून सगळं गाव.

मंडप उतरवणं हा आमचा रोजचा व्यवहार, पण त्याला क्रम असतो. आधी माणसं, मग जड वस्तू, मग कापड, शेवटी पाइप. त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदा स्टेजवरच्या नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या उचलल्या. सहा माणसं दोन खुर्च्यांना, आणि जनरेटरला कुणी नाही. सगळ्यांत खाली, पाण्याच्या वाटेवर, चुली होत्या, आणि आचारी हलायला तयार नव्हता.

"भात दमाला लागलाय," तो म्हणाला. "आता हलवला तर गिचका होईल. नाव माझं जाईल."

"भातासकट तूच जाशील," मारुती म्हणाला.

"मग भातासकट न्या."

माझ्या स्टेजचे दोन बांबू भाताच्या मोठ्या डेगेच्या कड्यांतून घातले आणि आठ माणसांनी ती डेग पालखीसारखी वर नेली. आचारी झाकणावर हात ठेवून बरोबर चालत होता आणि सांगत होता, "हिसका नको, हिसका नको."

निम्म्याहून अधिक कापड वर गेलं तेव्हा वारा बदलला. नदीच्या वरच्या अंगाने गार वारा आला, ओल्या मातीचा वास घेऊन. ऊन तसंच होतं. डोहातलं पाणी गढूळ झालं. मी सगळ्यांना हाका मारून पात्राबाहेर काढलं. पाइप राहिले तर राहू देत, म्हटलं. मारुती एक गाठ सोडायला मागे थांबला होता, त्याला नाव घेऊन शिवी दिली तेव्हा तो आला.

पाणी आधी दिसलं नाही, ऐकू आलं. खडीचा ट्रक मोकळा करावा तसा आवाज, पण न थांबणारा. मग वळणावरून तपकिरी फेस आला. पुढे सुकी पानं, काटक्या, एक तुटलेला ओंडका. ते पाणी गुडघाभर असेल असं वाटेपर्यंत छातीभर झालं. माझी पिंपं उलटली. "शुभविवाह" लिहिलेली कमान थोडा वेळ उभीच वाहत गेली आणि वळणावर आडवी झाली. आचाऱ्याच्या चुलींचे धोंडे होते तिथे आता लाटा होत्या. आप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा दंड धरला होता आणि तो बराच वेळ सोडला नाही.

माणसं सगळी वर होती. आम्ही दोनदा मोजली. पोरं आयांनी आपापली मोजली.

आता लग्नाचं पाहू, असं म्हणेपर्यंत पलीकडे वऱ्हाडाची बस येऊन थांबली.

फरशी दिसत नव्हती. दोन्ही बाजूंचे फक्त पांढरे खांब पाण्याबाहेर होते आणि मधे पाणी सरकत होतं. वळवाचं पाणी येतं तसंच उतरतं. दोन-अडीच तास थांबलं की फरशी मोकळी होणार हे आम्हाला ठाऊक होतं. पण मुहूर्त तासाभरावर आला होता. मुलाचे मामा बसमधून उतरले, पाण्याजवळ आले, परत गेले. मग बस सुरू झाली आणि हळूहळू फरशीच्या तोंडाशी आली. मामा पुढे चालत ड्रायव्हरला हाताने बोलावत होते. फरशीची रुंदी खांबांवरून कळते, असा त्यांचा हिशेब असणार. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही, हे खांब सांगत नाहीत.

आम्ही ओरडलो, हात हलवले. पाण्याच्या आवाजात काही पोचेना. त्यांना वाटलं, आम्ही या-या म्हणतोय. मामांनी उलट हात हलवला.

लाऊडस्पीकर आमचाच असतो. कर्णे खाचराच्या बांधावर आणून ठेवले होते. मारुतीने अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीला जोडला आणि दोन्ही कर्णे पलीकडे वळवले. मी माइक घेतला, तर प्रणिताने तो माझ्या हातातून काढून घेतला. आता ती पूर्ण नटलेली होती, पाय घोट्यापर्यंत राखेने काळे.

"मामा, मी प्रणिता बोलतेय. गाडी थांबवा."

आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. मामा थांबले.

"ड्रायव्हरदादा, गाडी मागे घ्या आणि चावी खिशात टाका. मुहूर्त गेला तर जाऊ दे. मी इथंच हाय, कुठं पळून जात नाय." मंडळी हसली, पण ती हसत नव्हती. "पाण्यातून बाहेर काढलेली माणसं मी ड्युटीवर बघितलीत. मला आज ड्युटी करायची नाय. पाणी उतरेपर्यंत कुणी पाय ओला करायचा नाय. भात तयार हाय, तो दमावर हाय, थांबेल."

आचाऱ्याने मान डोलावली.

पलीकडे मामांनी दोन्ही हात वर केले. रागाने की होकाराने, ते कळलं नाही. मग बस मागे गेली, तिचं इंजिन बंद झालं आणि एकेक माणूस उतरून रस्त्याच्या कडेला बसला. नवरामुलगा फेटा बांधून पाण्यापासून लांब एका दगडावर बसला. इकडे खाचराच्या बांधावर नवरी. आमच्यातला एकजण म्हणाला, "एवढा मोठा अंतरपाट कुणाच्या लग्नात नव्हता."

आप्पांना मुहूर्ताची चिंता होती. भटजी आमच्याच बाजूला होते. त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "आठनंतरही चालतंय."

"खरंच चालतंय की चालवताय?" आप्पांनी विचारलं.

"पंचांगात जागा असते, आप्पा. शोधावी लागते."

अंधार पडता पडता पाणी उतरलं. बाळाराम आणि आणखी दोघे कमरेला दोर बांधून, बांबूने ठोकून पाहत फरशीवर गेले. मधला एक कठडा गेला होता, फरशी धड होती. बस पलीकडेच ठेवली आणि वऱ्हाड पायी आलं, वहाणा हातात घेऊन. मामांनी वर येताच प्रणिताला विचारलं, "सासरी पण माइक घेऊन येणार काय गो?" ती म्हणाली, "लागला तर."

लग्न राखेत लागलं. डोक्यावर दोन गाळ्यांपुरतं कापड, बाकी उघडं आभाळ, जनरेटरचे चार दिवे. सगळ्यांचे पाय काळे, साड्यांचे काठ काळे. अक्षता टाकल्या त्या राखेत पडल्या. बाळाराम कडेला उभा होता. तो म्हणाला, "यंदा पेरणी लवकर झाली."

आप्पा म्हणाले, "तांदूळ उगवत नाय, बाळा."

"माहीत हाय. तूच शिकव आता."

सहा वर्षांनंतर ही त्यांची कामाशिवायची पहिली बातचीत, असं मला मारुतीने सांगितलं. फणसाचं मात्र अजून मिटलेलं नाही.

माझ्या बेचाळीस खुर्च्या, चार पिंपं, काही पाइप आणि ती कमान गेली. एक खुर्ची खालच्या गावात एका सलूनवाल्याकडे आहे. माझ्या खुणेचा पट्टा तिच्या पाठीवर दिसतो. मी तिथे दाढीला बसलो होतो, त्याच खुर्चीत. दाढीचे पैसे दिले आणि आलो. चांगली जपली आहे.

बाळारामचा राब तुडवला गेला आणि त्या रात्री वळवाची एक सर आमच्याही बाजूला येऊन राख धुऊन गेली. जूनमध्ये त्याची रोपं विरळ आली. लावणीच्या वेळी आप्पांनी आपल्या रोपांच्या मुठी त्याच्या बांधावर नेऊन ठेवल्या. ते पाहून बाकीच्या घरांनीही ठेवल्या. त्याची लावणी पुरी झाली. मला हे बाळारामनेच सांगितलं, पण सांगताना म्हणाला, "आप्पाची रोपं जरा पिवळीच होती."

पुढच्या वर्षी राब भाजायच्या आधी गावाची बैठक झाली आणि तिला मलाही बोलावलं. ठरलं ते असं : रुंद खाचरांपैकी एक दरवर्षी पाळीने भाजायचं नाही, लग्नांसाठी मोकळं ठेवायचं. ज्याची पाळी, त्याला रोपं बाकीच्यांनी द्यायची. मी टेप घेऊन सगळी खाचरं मोजून दिली. कुठल्यात किती गाळे बसतात ते प्रत्येकाला सांगितलं. सगळ्यांत मोठ्यात नऊ बसतात. बाराची सवय असलेल्यांना ते कमी वाटतं. मी म्हणतो, एक पंगत जास्त करा. आता त्या खोऱ्यातल्या आणखी दोन गावांनी असं खाचर ठेवायला सुरुवात केली आहे. इतर ठिकाणी अजून नदीतच बोलावतात. मी जात नाही. काही कामं त्यामुळे दुसऱ्यांकडे गेली, काही हॉलमध्ये गेली. ती गेल्याचं थोडं वाईट वाटतं, पण झोप लागते.

गेल्या मे महिन्यात पाळी आप्पांच्या खाचराची होती. गावातल्याच एका मुलाचं लग्न. मी सकाळपासून दोनदा मंदावहिनींना फोन लावला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या की आभाळ धुतलेल्या ताटासारखं आहे आणि त्यांना भाकऱ्या करायच्या आहेत. दुपार गेली, संध्याकाळ झाली, एक थेंब पडला नाही. खाली नदी पांढरी कोरडी पडली होती आणि पोरं तिच्यात क्रिकेट खेळत होती. आप्पा माझ्या खुर्चीवर बसून बराच वेळ तिकडे बघत होते.

"नदीत घातला असता तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"चाललं असतं," मी म्हणालो.

"राब उगाच राहिला माझा. बारा गाळे आरामात बसले असते."

"बसले असते. पुढच्या वर्षी कुणाची पाळी?"

"खालच्या आळीतल्या रामाची," आप्पा म्हणाले. "त्याला आत्ताच सांगून आलोय, राबासाठी आधीच फांद्या तोडून ठेवू नको म्हणून. नाहीतर ऐन वेळी कारणं सांगेल."